बिनतिखट नवस

माझ्या मोठ्या आतड्याविषयी आमच्या कॉलनीत जितकी माहिती आहे, तितकी माझ्याविषयी नाही. मी अमरावतीतल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, हे शेजारच्या मैनाबाईंना अजून पक्कं ठाऊक नाही. त्या मला अधूनमधून गणिताच्या मॅडम म्हणतात. पण माझं आतडं कोणत्या बाजूनं सुजलेलं आहे, हे त्या दारावर येणाऱ्या भाजीवाल्यालासुद्धा सांगू शकतात. सांगतातही. परवा त्यानं मला मिरच्या द्यायला चक्क नकार दिला. "तुमाले नाही चालत ते, मॅडम," तो म्हणाला आणि दोडके तोलू लागला.

आजाराचं नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. हे नाव कोणालाच सांगायचं नाही असं मी आधी ठरवलं होतं, कारण नाव सांगितलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, "म्हणजे नेमकं काय होते?" आणि नेमकं काय होतं ते चारचौघांत सांगावं असं नाही. मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येते, जखमा होतात, आणि मग कित्येक आठवडे माणूस कुठंही गेला की आधी तिथलं एक विशिष्ट दार शोधून ठेवतो. लग्नाला गेल्यावर बायका नवरीचा शालू बघतात. मी मंगल कार्यालयाचा नकाशा बघते. औषधांनी हे शांत होतं, बरेच महिने शांत राहतं, आणि आपण विसरलो की पुन्हा उसळतं. या उसळण्याला डॉक्टर ‘फ्लेअर’ म्हणतात. आमच्या सासूबाई "तिचं पोट उठलं" म्हणतात, आणि मला त्यांचाच शब्द अधिक अचूक वाटतो.

गेल्या दिवाळीनंतर ते उठलं आणि बसायचं नाव घेईना. माझे पोटाचे डॉक्टर अकोल्याला जठारपेठेत बसतात. त्यांनी गोळ्या वाढवल्या आणि सांगितलं, की खाण्यापिण्याचं प्रत्येकाचं वेगळं असतं, तुमचं तुम्ही शोधा. म्हणून मी अमरावतीच्या एका वैद्यबाईंकडे गेले. मला वाटलं होतं, त्या पहिल्यांदा गोळ्या फेकायला सांगतील आणि मला लगेच उठून घरी येता येईल. पण त्या म्हणाल्या, "गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. मी सांगते ते त्यांच्या जोडीला." मग त्यांनी तांदळाची पेज, मुगाचं वरण, लोणी काढलेलं ताजं ताक आणि कुटजाच्या, म्हणजे कुड्याच्या, सालीच्या गोळ्या सांगितल्या. वेळेवर झोप, वेळेवर जेवण, जेवताना भांडण नाही. आणि तिखट बंद. हे शेवटचं त्या थोड्या खालच्या आवाजात म्हणाल्या. वऱ्हाडात एखाद्याचं तिखट बंद करणं म्हणजे काय, याची त्यांना कल्पना असावी.

इथून माझा प्रकल्प सुरू झाला. मला बरं तर व्हायचंच होतं, पण त्याहीपेक्षा नेमकं कशानं बरं वाटतं ते कळायला हवं होतं. हा आजार परत येतो. परत आला की पुन्हा पहिल्यापासून अंधारात चाचपडायचं, याची मला आजारापेक्षा जास्त भीती वाटत होती. प्रयोगशाळेत मी मुलांना दरवर्षी हेच शिकवते, की एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं आहे तसं ठेवा, तरच कशामुळे काय झालं ते कळेल. तेच घरी करायचं ठरवलं. पेज, वरण आणि बिनतिखट हे कायम. त्यात आधी काही दिवस नुसतं ताक. मग ताक तसंच ठेवून कुटज. मग पुढचं. ‘एका वेळी एकच’ असं ठळक अक्षरांत लिहून मी कागद फ्रिजवर लावला. तो कागद लावणं ही पहिली चूक. आमच्याकडे फ्रिजवरचा कागद म्हणजे जाहीर आमंत्रण असतं.

तो सर्वांत आधी मैनाबाईंनी वाचला.

"एकानं काय होते वं?" त्या म्हणाल्या. "माह्या भावजयीचं असंच होतं. तिनं बेलाचा मुरब्बा खाल्ला, डाळिंबाची साल खाल्ली, वरून काढा पेला. आता दगड पचवते."

"पण त्यातल्या नेमक्या कशानं बरं वाटलं त्यांना?"

"सगळ्यानंच," मैनाबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की ही बाई गणित तरी कसं शिकवत असेल.

मैनाबाईंचं माहेर वरूडचं. दोन दिवसांत त्यांच्या भावानं माझ्यासाठी संत्र्यांचं अख्खं कॅरेट पाठवलं. वैद्यबाईंनी आंबट मना केलं आहे असं मी सांगितलं, तर त्यांना माझ्या प्रकृतीपेक्षा संत्र्याच्या अब्रूचं जास्त वाईट वाटलं. "वरूडच्या संत्र्यानं आजवर कोनाचं पोट बिघडलं नाही," त्या म्हणाल्या. "बिघडलं असन तं ते पोटच तसं असन." मी ती संत्री कॉलेजात नेऊन वाटली. त्यामुळे स्टाफरूममध्ये माझ्या तब्येतीची चौकशी सुरू झाली, कारण एवढी संत्री कोणी सुखासुखी वाटत नाही.

कॉलेजात माझी अडचण वेगळीच होती. तळमजल्यावर, माझ्या वर्गापासून दहा पावलांवर, एक उत्तम स्वच्छतागृह आहे. पांढऱ्या टाइल्स, आरसा, साबण, नळाला पाणी. ते कुलूपबंद असतं, कारण ते तपासणी समितीसाठी राखून ठेवलेलं आहे. समिती पाच वर्षांतून एकदा येते. आम्हा बाकीच्यांसाठी दुसऱ्या मजल्याच्या टोकाला एक आहे, त्याबद्दल न लिहिलेलं बरं. मी किल्ली मागायला कार्यालयात गेले. कार्यालयीन अधीक्षक वामनराव म्हणजे सज्जन माणूस. त्यांनी मला खुर्ची दिली आणि अर्ज मागितला.

"कारण काय लिहू?" मी विचारलं.

"काय आहे ते लिवा ना मॅडम. आपल्याले काय लपवायचं."

मी ‘वैद्यकीय कारणास्तव’ असं लिहिलं. अर्ज चार दिवसांनी परत आला. ‘कारण स्पष्ट करावे’ असा शेरा होता. मी कारण स्पष्ट केलं. मग तो ‘प्रमाणपत्र जोडावे’ म्हणून आला. मी डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलं. शेवटी प्राचार्यांची सही झाली आणि वामनरावांनी समारंभपूर्वक किल्ली माझ्या हातात ठेवली. ती हरवू नये म्हणून त्यांनी तिला क्रिकेटचा एक जुना स्टंप बांधला होता. तेव्हापासून मी दर तासाच्या मध्ये हातात स्टंप घेऊन व्हरांड्यातून भराभर चालत जाणारी बाई झाले. मुलांना वाटलं मी कोणाला तरी मारायला निघाले आहे. बी.एस्सी. प्रथम वर्षाच्या वर्गात त्या काळात जी शिस्त होती, ती आधी नव्हती आणि नंतर राहिली नाही.

या सगळ्याची खबर नांदगाव खंडेश्वरला कशी पोचली मला माहीत नाही. पण एका सकाळी आमच्या सासूबाई केशरबाई तांदळाचं गाठोडं आणि दोन डबे घेऊन एसटीनं येऊन थडकल्या.

"सुनेचं पोट उठलं अन् मले सांगत नाही तुमी," त्या माझ्या नवऱ्याला, म्हणजे नितेशला म्हणाल्या. माझ्याकडे बघून त्यांचा आवाज उतरला. "कावून वं, एवढी वाळली?"

ताक करायचं काम त्यांनी त्याच दिवशी माझ्या हातातून काढून घेतलं. मी म्हटलं, आई, मोजून करायचं आहे, प्रयोग आहे. त्या म्हणाल्या, ताकाचा काय प्रयोग, ताक ताकच असते. मला त्यात आक्षेप घेण्यासारखं काही दिसलं नाही. नितेशनंही त्याच सुमारास अचानक पेज वाढायची जबाबदारी घेतली. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यानं पाणीसुद्धा कधी वाढलं नव्हतं. पण तो रोज मोबाइलवर आतड्यांचे व्हिडिओ बघत असे. मला वाटलं, व्हिडिओ बघून माणूस हळवा होत असेल.

आणि पोट बसू लागलं. उन्हं तापायला लागली तसतसा स्टंपचा वापर कमी झाला. मार्चअखेर मी पूर्ण तास घेऊन, फळा पुसून, मुलांच्या शंका ऐकून मग सावकाश स्टाफरूममध्ये गेले आणि खुर्चीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की आज मी दाराचा विचारच केला नाही. त्या दिवशी मला जे वाटलं ते मी कोणाला सांगितलं नाही. मी फक्त जाऊन किल्ली वामनरावांच्या टेबलावर ठेवली. "राहू द्या अजून," ते म्हणाले. "समिती काई येऊन नाही राह्यली."

तपासण्या करून घेतल्या. अहवाल चांगला आला. तो दाखवायला आम्ही तिघं अकोल्याला गेलो. सासूबाई हट्टानं आल्या, त्यांना डॉक्टरांचं तोंड बघायचं होतं. डॉक्टरांनी कागद चाळले, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "उत्तम. औषधांव्यतिरिक्त काय केलंत?"

या प्रश्नाची मी कित्येक महिने वाट बघत होते. मी सरळ बसले. "एका वेळी एकच बदल केला, सर. आधी नुसतं ताक. मग ताक कायम ठेवून कुटज. तिसरं काहीही नाही."

शेजारी नितेश खाकरला.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो डॉक्टरांच्या टेबलावरच्या प्लास्टिकच्या आतड्याकडे बघत होता. "पेजेत इसबगोल घालत होतो मी," तो त्या आतड्याला म्हणाला. "थोडंसंच."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मंग मी बी सांगूनच टाकते," सासूबाई म्हणाल्या. "ताकात बेलाची भुकटी होती. घरी वाळवलेली हाय, चोख. अन् डाळिंबाची साल. अन् मुगाच्या वरनात गूळ म्हनून तू जे खात होती ना, तो मैनाचा मुरब्बा होता."

कुटज मात्र मी माझ्या हातानं घेत होते. एवढीच एक गोष्ट माझ्या प्रयोगातली माझी होती.

डॉक्टर आधी हसले, मग गंभीर झाले. ते म्हणाले, की न सांगता कोणतीही भुकटी खायला घालणं बरोबर नाही, औषधांशी काय होईल सांगता येत नाही; यावेळी निभावलं, पुढच्या वेळी मला विचारायचं. गोळ्या चालूच. सासूबाईंनी मान हलवली.

"पण यातल्या कशानं बरं वाटलं, सर?" मी विचारलं.

"गोळ्यांचा वाटा मोठा, असं मी म्हणणारच. बाकीचं आता कसं सांगणार?"

"सगळ्यानंच," सासूबाई म्हणाल्या.

मी फारशी बोलत नाही. रागावले तर त्याहून कमी बोलते. गाडीनं मूर्तिजापूर मागे टाकलं. मग मी एक वाक्य बोलले, आणि ते नीट जुळवून बोलले. "यापुढे मला न सांगता माझ्या ताटात कोणीही काहीही घालायचं नाही, आणि त्यातून काही काढायचंही नाही. ज्याला जे करायचं असेल ते त्यानं समोर सांगून करायचं." नितेशनं स्टिअरिंगवरून हात न काढता कबूल केलं. मग सासूबाई म्हणाल्या, "समोर सांगाचं म्हनते तं एक राह्यलं हाय. मी मारोतीले बोलली होती. तुयं पोट बसलं तं रोडगे करीन म्हनून."

आता रोडगे म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. कणकेचे जाडजूड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजायचे, फोडून तुपात कुस्करायचे, सोबत वरण. आणि वांग्याची भाजी. ही भाजी मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, शिजते आणि तिच्यावर लाल तर्रीचा असा थर येतो, की वाकून पाहिलं तर आपला चेहरा दिसावा. आमच्याकडे जेवताना कोणाच्या नाकातून पाणी आलं नाही, तर स्वयंपाक जमला असं धरत नाहीत. आणि रोडगे जर नवसाचे असतील, तर ज्याच्यासाठी नवस बोलला त्यानं पहिला घास घ्यायचा. त्याच गंजातली भाजी, सगळ्या पंगतीदेखत. त्याचा घास गिळून झाल्याशिवाय कोणी पत्रावळीला हात लावत नाही.

थोडक्यात, माझं पोट बरं झालं म्हणून मी सगळ्यांसमोर असं काही खायचं होतं, ज्यानं ते पुन्हा बिघडलं असतं. मागच्या वेळी ते नेमकं लग्नातल्या एका भाजीनंतर उठलं होतं. भाजीमुळेच उठलं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, ते शास्त्रीय होणार नाही. पण माझी छाती धडधडायला शास्त्राची गरज नव्हती.

हे सासूबाईंना सांगणं सोपं होतं, असं कोणाला वाटेल. पण ही बाई माझ्यासाठी दर शनिवारी उन्हातून मारुतीला चालत गेली होती. गावात घरोघरी जाऊन तिनं आमंत्रणं दिली होती, आणि आमंत्रणं देताना चेहऱ्यावर जे होतं ते मी पाहिलं होतं. तिला म्हणायचं, की तुमच्या देवाचा घास मला सोसणार नाही? शिवाय गावात नितेशचे मोठे चुलते होते, सूर्यभानबाबा. ते रोज भाकरीसोबत हिरव्या मिरच्या कच्च्या खातात, आणि त्याबद्दल पंचक्रोशीत त्यांचं नाव आहे. माझ्या आजाराचं कळल्यावर ते सासूबाईंना म्हणाले होते, "पोट म्हनजे सवय असते. आमच्या टायमाले कोनाचं आतडं सुजत नव्हतं. दोन दिवस मिरची खाऊ घाला, सुधरते आपोआप." हे मला नितेशनं हसत हसत सांगितलं होतं. मी हसले नव्हते.

दरम्यान निमंत्रितांची संख्या वाढत होती. मैनाबाईंनी कॉलनी आणायचं ठरवलं, कारण मुरब्बा त्यांचा होता. वामनरावांनी अर्धं कार्यालय आणलं, कारण किल्ली त्यांची होती. माझ्या बऱ्या झालेल्या आतड्यात प्रत्येकाचा काही ना काही वाटा निघत होता, आणि ज्याचा वाटा नव्हता तो वांग्याच्या भाजीसाठी येत होता.

कार्यक्रमाच्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी मारुतीच्या देवळामागे गेले. लिंबाच्या सावलीत आचारी श्रावण मोठ्या परातीत वांगी चिरत होता. त्याच्या बाजूला लाल मिरचीपूड एका घमेल्यात काढून ठेवली होती. घमेल्यात. मी त्या घमेल्याकडे बघत थोडा वेळ उभी राहिले.

"माझ्यासाठी एका छोट्या भांड्यात बिनतिखट भाजी काढता येईल का?" मी हळूच विचारलं.

"नाही जमत मॅडम. नवसाचं एकाच गंजातलं पायजे. माय रागवन." सासूबाईंना तो माय म्हणतो.

"मग तिखट थोडं कमी करता येईल?"

"किती कमी?"

मोघम माप मला आवडत नाही. "निम्मं," मी म्हटलं. "आणि हे कोणाला सांगू नका."

"नाही सांगत," श्रावण म्हणाला. हे तो इतक्या सहज म्हणाला, की हा सगळ्यांनाच हो म्हणणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी निरीक्षण करण्याच्या मनःस्थितीत नव्हते. निम्मं तिखट म्हणजेसुद्धा माझ्यासाठी पुष्कळच होतं. पण एक घास मी निभावून नेईन असं मला वाटलं, आणि गाडीत मीच सुनावलेलं वाक्य मोडल्याची टोचणी लागली होती, तीही मी निभावून नेली. माझ्या ताटातून काढायचं नाही असं मी म्हटलं होतं. हे तर गंजातून काढणं होतं. असले युक्तिवाद मुलांनी उत्तरपत्रिकेत केले तर मी शून्य देते.

दुपारी पंगती बसल्या. देवळापासून लिंबापर्यंत लांबच लांब रांगा. पत्रावळीवर रोडगा, तूप, वरण आणि भाजी. नैवेद्य झाला. सासूबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर सारखा करत. सूर्यभानबाबा बरोबर माझ्यासमोरच्या रांगेत बसले होते. सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं. आतड्यासाठी एवढ्या लोकांनी तोंडाकडे बघावं, हा अनुभव मी कोणाला सुचवणार नाही.

पत्रावळीकडे न बघता मी डोळे मिटले आणि घास घेतला.

काहीच झालं नाही.

मी चावत राहिले. मीठ होतं, हळद होती, वांगं होतं. मला वाटलं, इतक्या महिन्यांत माझी जीभच गेली. मी गिळलं, डोळे उघडले. सासूबाईंनी हात जोडले, कोणीतरी मारुतीचा जयजयकार केला आणि पंगत जेवायला लागली.

आणि मग शांतता पसरली. आमच्याकडच्या पंगतीचे ठरलेले आवाज असतात. नाकं ओढली जातात, सुस्कारे टाकले जातात, चारी बाजूंनी "पानी आन रे" होतं. यांतलं काहीच नव्हतं. पाण्याचे जग भरलेलेच होते. माणसं घास घेत होती, थांबत होती, शेजाऱ्याच्या पत्रावळीत डोकावत होती आणि पुन्हा घास घेत होती. लहान मुलं मात्र दुसऱ्यांदा भाजी मागत होती, आणि तेच सर्वांत भयंकर लक्षण होतं.

"श्रावन," सूर्यभानबाबांनी हाक मारली. "इकडं ये. मिरची इसरला काय?"

श्रावण पंच्याला हात पुसत आला. त्याच्यावर आळ आला होता आणि तो सरळ माणूस होता. "इसरलो नाही बाबा. मॅडमनं सकाळी निम्मी कराले सांगतली."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पत्रावळीकडे पाहिलं.

"मंग नितेशभाऊ आले. त्यायनं उरल्याची निम्मी सांगतली. मंग अमरावतीच्या या बाई आल्या." मैनाबाई एकदम रोडगा कुस्करू लागल्या. "त्यायनं उरल्याची निम्मी. मंग ते चष्मेवाले साहेब," म्हणजे वामनराव, "ते म्हने, तोंडी सांगून राह्यलो, लेखी मागू नोको. अन् मंग बाबा, तुमी आले."

"मी काई निम्मीगिम्मी म्हनलं नव्हतं," सूर्यभानबाबा म्हणाले.

"तुमी म्हनले, पोरगी पह्यला घास घेनार हाय, जरासा हात आखड."

सूर्यभानबाबांनी मिशीवरून हात फिरवला आणि लिंबाकडे बघितलं.

माझ्या डोक्यात आपोआप आकडेमोड सुरू झाली होती. उरल्याचं निम्मं, त्याच्या उरल्याचं निम्मं. किरणोत्सर्गी मूलद्रव्यांचं असंच असतं. मी दरवर्षी फळ्यावर त्याचा आलेख काढते. पण त्या आलेखात एक गोष्ट पक्की असते, की कितीही वेळा निम्मं केलं तरी शून्य कधी येत नाही. आणि या भाजीत तर निखळ शून्य होतं.

"आन् आखरीले माय आली," श्रावण म्हणाला. "ते म्हने, टाकूच नोको."

शून्य यायला सासूबाईच लागतात.

सगळं गाव आता त्यांच्याकडे बघत होतं. रोडग्याची भाजी फिक्की झाली ही गोष्ट आमच्या भागात दोन पिढ्या पुरते. सोयरिकी जुळवताना निघते. सासूबाईंना ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांनी पदर खांद्यावर घट्ट घेतला.

"मंग?" त्या म्हणाल्या. "नवस तिच्या पोटासाठी होता. तुमच्या जिभेसाठी नव्हता. मारोतीले चालते तं तुमाले कावून चालत नाही?"

सूर्यभानबाबांनी एक घास घेतला, बराच वेळ चावला आणि मग माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ते माझ्याशी थेट कधी बोलले नव्हते.

"पोरी, तू हे असंच खाते काय रोज?"

"हो, बाबा."

"दिवाळीपासून?"

"दिवाळीपासून."

"अन् हे खाऊन कॉलेजात बी जाते? पोरं शिकवते?"

"शिकवते."

मग खाली वाकून त्यांनी पत्रावळीतली ती पिवळी भाजी बोटांनी निपटून खाल्ली, कण न ठेवता, औषध घेतल्यासारखी. पाणी प्याले. शेजाऱ्याकडे वळून म्हणाले, "आपल्याच्यानं दोन दिवस नाही निघत असे. सवयगिवय काई नसते बाप्पा." त्यांचं बघून त्यांची रांग जेवली, मग बाकीच्या रांगा जेवल्या. पत्रावळी रिकाम्या झाल्या. मला काय झालं होतं हे मी गेले कित्येक महिने त्या सगळ्यांना सांगायचं टाळत आले होते, आणि आता सांगायचं काही उरलं नव्हतं. ते प्रत्येकानं स्वतःच्या तोंडानं चाखलं होतं.

पंगत उठल्यावर पुरुषमंडळी एकेक करून देवळाच्या पलीकडे उभ्या असलेल्या ट्रॅक्टरकडे निघाली. हात धुवायची टाकी दुसऱ्या बाजूला होती, म्हणून मला शंका आली. मी थोड्या अंतरानं मागून गेले. ट्रॉलीच्या आडोशाला भाकरीचं फडकं उघडलं होतं, त्यावर दगडी खलातला मिरचीचा ठेचा होता, आणि तो सूर्यभानबाबांच्या घरून आलेला होता. भोवती दाटी झाली होती. नाकं ओढली जात होती. सुस्कारे ऐकू येत होते. वामनरावांनी चष्मा काढून डोळे पुसले. आणि या सगळ्यांकडे पाठ करून, ट्रॉलीच्या चाकाला टेकून, डोक्यावर पदर घेतलेली एक बाई भाकरीच्या तुकड्यावर ठेचा लावत होती.

"आई," मी म्हटलं.

सासूबाईंनी तुकडा तोंडात घातला, नीट चावला, गिळला, आणि मगच वळल्या. डोळ्यांत पाणी होतं, ठेच्याचं असावं.

"तू काई पाह्यलं नाही," त्या म्हणाल्या.

"नाही, आई."

मी त्यांच्याशेजारी चाकाला टेकून बसले. ठेचा समोरच होता. लसूण, मीठ, थोडं तेल, आणि तो वास, जो मी दिवाळीपासून फक्त लोकांच्या ताटांवरून घेत होते. आजचा दिवस चांगला गेला होता. पोट शांत होतं. मी करंगळी पुढे केली. ठेच्यात नाही, फक्त खलाच्या कडेला, जिथे थोडासा लागून राहिला होता.

सासूबाईंनी ती हवेतच पकडली.

"एका टायमाले एकच," त्या म्हणाल्या. "आज रोडगा झाला."